रचनाबंध बदलताना : तांत्रिक दस्तऐवजांच्या रूपांतरातील अर्थाचा प्रश्न

१

छापील पान वाचताना वाचक केवळ अक्षरे वाचत नाही. त्या पानाची रचनाही तो वाचत असतो. ठळक टंकात ओळीच्या मध्यभागी आलेले शब्द म्हणजे शीर्षक, पानाच्या तळाशी बारीक टंकात छापलेला मजकूर म्हणजे तळटीप, तिरप्या टंकातील शब्द म्हणजे बहुधा ग्रंथनाम, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मुद्रणाच्या संकेतांशी झालेल्या दीर्घ परिचयातून हे ज्ञान त्याला सहज प्राप्त झालेले असते. संगणकाजवळ असा परिचय नसतो. म्हणून मजकुरातील प्रत्येक भाग काय आहे, हे त्याला शब्दांतच सांगावे लागते. आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी या तिघांनी १९६९ साली या दिशेने काम आरंभिले. त्यातून पुढे एसजीएमएल ही पद्धती सिद्ध झाली व १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचेच सुटसुटीत रूप म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झालेली एक्सएमएल. या पद्धतीत मजकूर 'कसा दिसावा' हे न सांगता तो 'काय आहे' हे सांगितले जाते. मजकुराच्या भागाला दोन बाजूंनी खुणा घालायच्या आणि त्या खुणेला नाव द्यायचे : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही पायरी, हा इशारा. अशा खुणांनी बांधलेल्या भागाला 'घटक' व त्या घटकाला चिकटवलेल्या जादा माहितीला 'गुणविशेष' असे येथे म्हटले आहे.

कोणते घटक असावेत, कोणता घटक कोणाच्या पोटात बसू शकतो, कोणता आधी व कोणता नंतर यावा, यांविषयीच्या नियमांचा संच म्हणजे स्कीमा. 'आकृतिबंध' हा शब्द यासाठी वापरण्याचा मोह होतो. परंतु मराठी समीक्षेत त्या शब्दाला कलाकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेचा जो अर्थ चिकटला आहे, तो येथे अगदीच गैरलागू आहे. स्कीमा हा कृतीतून उमलत नाही. तो कृतीच्या आधी असतो. त्याचे नाते ओवी-अभंगापेक्षा सरकारी अर्जाच्या नमुन्याशी अधिक आहे. म्हणून 'स्कीमा' हाच शब्द अथवा त्याच्या जागी 'रचनाबंध' हा शब्द प्रस्तुत लेखात योजला आहे.

हजारो पानांचा मजकूर एका रचनाबंधात बांधून झाल्यावर काही वर्षांनी तो रचनाबंध कालबाह्य होतो किंवा संस्था दुसरा रचनाबंध स्वीकारते. मग सर्व दस्तऐवज जुन्यातून नव्यात न्यावे लागतात. या कामाकडे सामान्यतः केवळ यंत्रविद्येचे काम म्हणून पाहिले जाते. शब्द तेच राहतात, फक्त खुणा बदलतात, असे वरवर दिसते. परंतु खुणा हेही एक प्रकारचे वाचनच असते, आणि एका वाचनाच्या जागी दुसरे वाचन ठेवताना अर्थाला धक्का लागतो की नाही, हा प्रश्न मूलतः भाषेच्या व पाठचिकित्सेच्या अभ्यासकाचा आहे. डॉकबुक व डीटा हे तांत्रिक लेखनाच्या क्षेत्रातील दोन प्रमुख रचनाबंध आहेत. त्यांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप पाहू.

२

डॉकबुकचा आरंभ १९९१ साली झाला. संगणकविषयक पुस्तके व माहितीपुस्तिका यांसाठी एचएएल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली या प्रकाशनसंस्थेने तो सिद्ध केला. त्याची मूळ कल्पनाच पुस्तकाची आहे : ग्रंथ, त्यात प्रकरणे, प्रकरणात विभाग, विभागात परिच्छेद. पुढे नॉर्मन वॉल्श यांच्या देखरेखीखाली त्याची पुनर्रचना झाली व २००९ साली ५.० ही आवृत्ती ओएसिस या संस्थेचे मानक म्हणून मान्य झाली. चौथ्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत जाणे हे एकाच कुळातले स्थलांतर आहे. म्हणून ते तुलनेने सोपे. त्यासाठी आवश्यक ते रूपांतरसूत्र एक्सएसएलटी या भाषेत लिहून डॉकबुकबरोबरच उपलब्ध करून देण्यात आले होते.

या सोप्या स्थलांतरातही बदलांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. काही बदल निव्वळ नामांतराचे आहेत : 'एसजीएमएलटॅग' हा घटक नुसता 'टॅग' झाला. काही बदल विलीनीकरणाचे आहेत. चौथ्या आवृत्तीत ग्रंथाची माहिती, प्रकरणाची माहिती, लेखाची माहिती यांसाठी निरनिराळ्या नावांचे घटक होते. पाचव्या आवृत्तीत त्या सर्वांच्या जागी 'इन्फो' हा एकच घटक आला. येथे भेद पुसला गेला असे वाटते, परंतु तसे नाही. तो घटक ज्याच्या पोटात आहे त्यावरून जुना भेद केव्हाही परत मिळवता येतो. मराठीत एकच सर्वनाम अनेक नामांसाठी येते आणि संदर्भावरून आपण ते ओळखतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरी जात मात्र लोपाची आहे. 'बिगिनपेज' या नावाचा एक घटक चौथ्या आवृत्तीत होता. मूळ छापील प्रतीतील पान कोठे सुरू होते, एवढेच तो सांगत असे. पाचव्या आवृत्तीतून तो वगळण्यात आला. यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. जुन्या पुस्तिकेतील पृष्ठांकाची आठवण ठेवण्याचे कोणाला कारण नसते. परंतु जुन्या ग्रंथाची संगणकीय प्रत ज्यांनी याच रचनाबंधात तयार केली असेल, त्यांच्यासाठी पृष्ठांक हाच संदर्भाचा आधार असतो. पन्नास वर्षांत ज्या ज्या प्रबंधांनी त्या ग्रंथाचा पृष्ठांक दिला, त्या सर्वांचा दुवा तुटतो. तांत्रिक लेखनासाठी केलेला निर्णय साहित्यिक संहितेला कसा बाधतो याचे हे बोलके उदाहरण आहे. साहित्यिक संहितांसाठी १९८७ पासून विकसित होत आलेल्या टीईआय या रचनाबंधात पृष्ठारंभाचा स्वतंत्र घटक आजही टिकून आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे.

आणखी एक लोप याहून सूक्ष्म आहे. चौथ्या आवृत्तीच्या काळात वारंवार लागणारे शब्द वा मजकूर 'एंटिटी' म्हणून एकदाच लिहून ठेवत आणि दस्तऐवजात जागोजाग त्याची केवळ खूण ठेवत. रूपांतरसूत्र काम सुरू करण्याआधीच एक्सएमएल वाचणारे यंत्र या सर्व खुणा विस्तारून टाकते. परिणामी रूपांतरित प्रतीत पूर्ण मजकूर सर्वत्र दिसतो. काहीही हरवलेले नसते, आणि तरीही महत्त्वाचे काहीतरी गेलेले असते. हे तीनशे उल्लेख एकाच उगमाचे आहेत, ही माहिती गेलेली असते. वाचकाला हा लोप कधीच दिसणार नाही. पुढच्या संपादकाला मात्र तो पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी जाणवतो.

ग्रंथकाराच्या नावाचा प्रश्न मराठी अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. चौथ्या आवृत्तीत लेखकाचे नाव 'फर्स्टनेम', 'सरनेम' अशा तुकड्यांतच लिहावे लागे. 'केशवसुत' किंवा 'कुसुमाग्रज' या नावाचे आडनाव कोणते? नाव टिपणाऱ्याने ते कोणत्या तरी एका कप्प्यात कोंबलेले असते. पाचव्या आवृत्तीत व्यक्तिनामाच्या घटकात तुकडे न करताही नाव लिहिता येते. नवा रचनाबंध अधिक समंजस आहे; परंतु रूपांतरसूत्र जुना कप्पा जसाच्या तसा उचलते आणि टोपणनावाला आडनाव ठरवणारी जुनी सक्ती, ती सक्ती करणारा नियम नाहीसा झाल्यानंतरही, नव्या घरात राहावयास येते.

३

डॉकबुककडून डीटाकडे जाणे हे मात्र कुळांतर आहे. डीटाचा उगम आयबीएममध्ये झाला आणि २००५ साली त्याची पहिली आवृत्ती ओएसिसचे मानक बनली. त्याच्या पूर्ण नावात डार्विनचे नाव आहे. ते का, हे पुढे येईल. डॉकबुक ग्रंथाचा विचार करतो, तर डीटा सुट्या 'टॉपिक'चा. एक टॉपिक म्हणजे एका प्रश्नाचे स्वयंपूर्ण उत्तर. 'हे काय आहे' याचे उत्तर देणारा टॉपिक 'कन्सेप्ट', 'हे कसे करावे' याचे उत्तर देणारा 'टास्क', आणि नुसती माहिती शोधण्यासाठी असलेला 'रेफरन्स'. ग्रंथ नंतर नकाशाप्रमाणे जुळवायचा. एकच टॉपिक दहा ग्रंथांत जाऊ शकतो. डॉकबुकनेही २०१६ च्या ५.१ या आवृत्तीत टॉपिकची सोय केली आहे, पण त्याचा पिंड ग्रंथाचाच राहिला.

येथे रूपांतराची खरी अडचण सुरू होते. डॉकबुकमध्ये कार्यपद्धती सांगताना 'स्टेप' या घटकात परिच्छेद, यादी, आकृती, काहीही घालता येते. डीटाच्या 'टास्क'मध्ये मात्र प्रत्येक पायरीत आज्ञेचा एक स्वतंत्र घटक असलाच पाहिजे. त्याला 'सीएमडी' असे नाव आहे. स्पष्टीकरण त्यानंतर 'इन्फो'मध्ये, पायरीचा परिणाम 'स्टेपरिझल्ट'मध्ये. काम सुरू करण्यापूर्वीच्या अटी पायऱ्यांच्या आधी, वेगळ्या घटकात. म्हणजे जुन्या परिच्छेदातील कोणते वाक्य आज्ञा आहे, कोणते कारण आहे आणि कोणते फलित आहे, याचा निवाडा कोणीतरी करावा लागतो. हा निवाडा व्याकरणाचा आहे, आणि म्हणून भाषेगणिक तो बदलतो.

इंग्रजी माहितीपुस्तिकेत आज्ञार्थी क्रियापद वाक्याच्या आरंभी येते. यंत्राला ते ओळखता येते, आणि एका वाक्यात सहसा एकच आज्ञा असते. मराठी वाक्याची घडण वेगळी आहे. नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ : "वीजपुरवठा बंद करून, झाकण काढून, गाळणी ब्रशने स्वच्छ करून ती पूर्ववत बसवावी; गाळणी ओली असताना बसविल्यास मोटरीत पाणी जाण्याचा संभव असतो." मराठी वाचकाला यात काहीही खटकत नाही. 'ऊन' प्रत्ययान्त धातुसाधितांची साखळी हे आपल्या भाषेचे स्वाभाविक वळण आहे; पाककृती, औषधयोजना, पूजाविधी, सर्वत्र आपण ते वापरतो. परंतु या वाक्यात कृती किती आहेत? व्याकरणदृष्ट्या मुख्य क्रियापद एकच, 'बसवावी'. कृती मात्र चार आहेत. शिवाय 'गाळणी कोरडी करावी' ही पाचवी कृती कोठेही सांगितलेली नाही. ती दुसऱ्या उपवाक्यातील परिणामातून वाचकाने काढून घ्यावयाची आहे.

या वाक्याचे रूपांतर करणाऱ्या सूत्रापुढे दोन मार्ग असतात. संपूर्ण वाक्य आज्ञेच्या घटकात घालावे, तर स्कीमा तक्रार करीत नाही. पण एका पायरीत चार कृती कोंबल्या जातात आणि डीटा स्वीकारण्याचा हेतूच फसतो. मुख्य क्रियापद ओळखून तेवढे आज्ञेत घ्यावे व बाकीचे स्पष्टीकरणात ढकलावे, तर 'वीजपुरवठा बंद करून' हा भाग स्पष्टीकरण ठरतो. ज्या उपकरणाच्या छोट्या पडद्यावर केवळ आज्ञा दाखवल्या जातात, तेथे वाचकाला 'गाळणी पूर्ववत बसवावी' एवढेच दिसेल. वीज बंद करण्याची सूचना मजकुरात आहे, संग्रहात आहे, शोधल्यास सापडेलही. परंतु ज्या क्षणी हात यंत्रात जाणार त्या क्षणी ती समोर नाही. व्याकरणात गौण असलेले उपवाक्य जीविताच्या दृष्टीने प्रधान असू शकते, ही गोष्ट कोणत्याही स्कीमाला समजत नाही.

'बसवावी' हे रूपही निःसंदिग्ध नाही. विध्यर्थाने आपण कर्तव्य सांगतो, तसेच योग्यता, शक्यता व इच्छाही सांगतो. 'तेल घालावे' ही आज्ञा आहे की शिफारस, हे 'आवश्यक वाटल्यास' यासारख्या एखाद्या शब्दावरून ठरते, आणि तो शब्द कधी कधी आधीच्या वाक्यात असतो. डीटात पायरी ऐच्छिक आहे की अनिवार्य, हे नोंदविण्यासाठी 'इम्पॉर्टन्स' हा गुणविशेष आहे. मराठी मजकुरावरून तो भरणे हे अर्थनिर्णयाचे काम आहे. ते कारकुनाकडे सोपवू नये.

पायऱ्या पाडता येणार नाहीत असा मजकूर असतोच. २०१० च्या १.२ या आवृत्तीत डीटाने 'स्टेप्स-इन्फॉर्मल' हा सैल घटक त्यासाठी दिला. त्याचा उपयोग वर्ज्य मानण्याचे कारण नाही. चुकीच्या पायऱ्या पाडण्यापेक्षा पायऱ्या न पाडणे केव्हाही श्रेयस्कर.

४

इशाऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. डॉकबुकच्या चौथ्या व पाचव्या (५.०) आवृत्तीत इशाऱ्यासाठी पाच घटक होते : 'नोट', 'टिप', 'इम्पॉर्टन्ट', 'कॉशन' व 'वॉर्निंग'. त्यांची रचना एकसारखीच होती, आणि कोणता घटक केव्हा वापरावा याचे कोणतेही बंधन डॉकबुकने घातले नव्हते. शारीरिक इजेचा संभव असेल तेव्हाच 'वॉर्निंग' वापरा, असा नियम नव्हता. त्यामुळे एका लेखकाच्या 'वॉर्निंग'चा अर्थ 'फाइल पुसली जाईल' एवढाच असे, तर दुसऱ्याच्या 'कॉशन'चा अर्थ 'बोट तुटेल' असाही असे.

यंत्रांच्या सुरक्षिततेविषयीच्या अमेरिकेतील एएनएसआय झेड५३५ या मानकमालेत याच शब्दांची पक्की उतरंड आहे. 'डेंजर' म्हणजे टाळले नाही तर मृत्यू वा गंभीर इजा होईलच; 'वॉर्निंग' म्हणजे ती होऊ शकेल; 'कॉशन' म्हणजे किरकोळ वा मध्यम इजा होऊ शकेल; आणि 'नोटिस' हा शब्द इजेशी संबंध नसलेल्या, उदाहरणार्थ मालमत्तेच्या नुकसानीच्या बाबींसाठी. डीटात 'नोट' या एकाच घटकाला प्रकार सांगणारा गुणविशेष असतो व त्यात हे सर्व शब्द निवडता येतात. सूत्र लिहिणारा साहजिकच जुन्या 'वॉर्निंग'समोर नवा 'वॉर्निंग' व जुन्या 'कॉशन'समोर नवा 'कॉशन' ठेवतो. शब्द शब्दाला बरोबर जुळतो, आणि नेमक्या त्याच कारणामुळे चूक दिसत नाही. भाषांतराच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे. दोन भाषांतील रूपाने सारखे, अर्थाने भिन्न शब्द. मराठीतील 'शिक्षा' व हिंदीतील 'शिक्षा' यांचे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. येथे दोन्ही बाजूंना भाषा एकच असून रचनाबंध मात्र दोन आहेत, एवढाच फरक.

मराठीत तर या शब्दांची उतरंडच स्थिर झालेली नाही. 'सूचना', 'इशारा', 'सावधान', 'धोका', 'खबरदारी' या शब्दांपैकी कोणता अधिक गंभीर? विजेच्या खांबावर 'धोका' व 'सावधान' हे दोन्ही शब्द आपण सारख्याच भयाने वाचत आलो आहोत. पुस्तिकेत मात्र 'इशारा' व 'खबरदारी' यांत श्रेणी असल्याचे वाचकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. मराठीत असे दस्तऐवज तयार करणाऱ्या संस्थांनी ही श्रेणी एकदाच ठरवून आरंभी छापणे हे रूपांतराच्या कामाआधीचे काम आहे.

१.२ याच आवृत्तीत धोक्याच्या सूचनेसाठी डीटाने एक वेगळा घटक दिला. त्यात धोक्याचा प्रकार, त्याचा परिणाम आणि तो टाळण्याचा उपाय असे तीन स्वतंत्र भाग असतात. वरच्या वाक्यातील "गाळणी ओली असताना बसविल्यास मोटरीत पाणी जाण्याचा संभव असतो" हा भाग या साच्यात घालू पाहिल्यास धोका व परिणाम यांची सोय लागते. उपायाचा रकाना मात्र रिकामा राहतो, आणि रचनाबंध तो रिकामा ठेवू देत नाही. मूळ लेखकाने न लिहिलेले 'गाळणी पूर्ण वाळल्याची खात्री करावी' हे वाक्य मग कोणीतरी लिहावे लागते. अशा वेळी रूपांतर हे लेखन होते. याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. नव्या रचनाबंधाने जुन्या मजकुरातील उणीव दाखवून दिली, ही त्याची खरी देणगी आहे. मात्र ते वाक्य मूळचे नाही याची नोंद राहिली पाहिजे.

५

टॉपिक सुटे केल्यावर भाषेतील जोडकामही उघडे पडते. 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे', 'वरील आकृतीत', 'आता', 'मग', 'त्यामुळेच' ही सर्व पदे शेजाऱ्याच्या भरवशावर उभी असतात. शेजारी बदलला की ती लोंबकळतात. रूपांतराच्या आधी अशा पदांची सूची करून ती हाताने सोडवणे भाग असते. ग्रंथाचे सलग निवेदन तुटते आणि त्याबरोबर लेखकाचा आवाजही काहीसा विरतो, ही किंमत प्रस्तुत लेखकास मोठी वाटते. दुरुस्तीच्या पुस्तिकेसाठी ती देण्याजोगी आहे, पाठ्यपुस्तकासाठी नाही.

पुनर्वापराच्या सोयीत मराठीची आणखी एक अडचण आहे व तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. उपकरणाचे नाव एकदाच लिहून सर्वत्र त्याचा दुवा ठेवण्याची सोय डीटातही आहे. 'कीरेफ' या गुणविशेषाने ते साधते. इंग्रजीत नाव जसेच्या तसे वाक्यात बसते. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. 'पंखा' हे नाव दुव्यातून आणले आणि पुढे 'ला' लिहिले, तर 'पंखाला' असे अशुद्ध रूप तयार होते. हवे असते 'पंख्याला'. उद्या त्याच पुस्तिकेत पंख्याऐवजी शेगडी आली तर 'शेगडीला' बरोबर येईल. पण 'मोठा' हे विशेषण, 'चालू केला' हे क्रियापद, सारे लिंगाप्रमाणे बदलावे लागेल. दुव्याने शब्द बदलता येतो, अन्वय बदलता येत नाही. 'पंखा या उपकरणाला' अशी वाक्यरचना करून ही अडचण टाळतात. ती व्याकरणशुद्ध असते, पण अशी शंभर वाक्ये वाचल्यावर मराठी वाचकाचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून मराठीत पुनर्वापराचे एकक शब्द नसून किमान पूर्ण वाक्य असावे, असे माझे मत आहे. जुन्या दस्तऐवजात विस्तारून टाकलेल्या एंटिटींचे पुन्हा दुवे करण्याची घाई मराठी संग्रहात न केलेली बरी.

६

आतापर्यंत जुन्या दस्तऐवजातील खुणा त्यांच्या व्याख्येप्रमाणे वापरल्या आहेत असे गृहीत धरले. प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. अक्षर तिरपे दिसावे म्हणून लेखक 'एम्फसिस' ही खूण वापरतो. मग तो शब्द ग्रंथनाम असो, परभाषेतील शब्द असो, कळफलकावरील कळ असो की खरोखर जोर देण्याचा शब्द असो. दिसणे आणि असणे यांत भेद करण्यासाठीच ही सारी पद्धती जन्मली, आणि वापरणाऱ्याने तिला पुन्हा दिसण्याच्या कामाला जुंपले. म्हणून रूपांतराची पहिली पायरी सूत्र लिहिणे ही नसून जुन्या संग्रहाची खानेसुमारी करणे ही आहे : कोणता घटक किती वेळा आला, कोणाच्या पोटात आला, आणि त्या जागी लेखकाला वस्तुतः काय म्हणायचे होते. रचनाबंधाची अधिकृत पुस्तिका वाचून हे कळत नाही. त्यासाठी संग्रहच वाचावा लागतो.

छापील कोशांच्या संगणकीकरणात हेच दिसते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पामुळे संगणकावर शोधता येते. त्या कोशात शब्दापुढील एकाक्षरी संक्षेपाने लिंग व व्युत्पत्ती यांसारखी माहिती दिली आहे. कंसातील एका अक्षराने शब्द संस्कृत आहे की फारसी, हे कळते. मुद्रित पानावर कंस, टंक व क्रम एवढ्या तीन साधनांवर सर्व भार आहे. असा मजकूर टीईआयच्या कोशविषयक घटकांत बसवताना त्या रचनाबंधानेच दोन वाटा ठेवल्या आहेत : नियमबद्ध नोंदीसाठी 'एंट्री', आणि जिचे भाग ठरीव क्रमात येत नाहीत अशा नोंदीसाठी 'एंट्रीफ्री'. जुना कोश नियमाप्रमाणे चालत नाही, हे मान्य करून त्याला मोकळी जागा देणारा रचनाबंध मला अधिक शहाणा वाटतो.

७

रूपांतर पूर्ण झाल्यावर प्रमाणक यंत्र दस्तऐवज तपासते व तो 'वैध' असल्याचा निर्वाळा देते. हा निर्वाळा वाक्य व्याकरणशुद्ध असल्याच्या निर्वाळ्यासारखा आहे. वाक्य खरे आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. आज्ञेच्या घटकात कारण बसले आणि कारणाच्या घटकात आज्ञा, तरीही दस्तऐवज वैधच राहतो.

मग संशयित जागांचे काय करावे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकरांनी एक संकेत पाळला होता. जो पाठ निश्चित वाटत नाही तो संहितेत छापायचा, पण त्याच्याखाली नागमोडी रेषा द्यायची. संहिता सलग वाचता येते आणि संपादकाचा संशयही झाकला जात नाही. डीटात याच कामासाठी 'रिक्वायर्ड-क्लीनअप' या नावाचा घटक आहे. जुन्या दस्तऐवजातून आलेला, पण माणसाने पाहिल्याशिवाय नव्या रचनाबंधात नीट बसवता येणार नाही असा मजकूर त्यात ठेवायचा असतो. टीईआयमध्ये निर्णयाची निश्चिती किती व तो कोणी घेतला, हे सांगणारे गुणविशेष आहेत. व्यवहारात मात्र हा घटक लाजिरवाणा मानला जातो. काम संपल्याचे दाखवण्यासाठी त्यातील मजकूर घाईने साध्या परिच्छेदात लोटला जातो. ही नागमोडी रेषा पुसून टाकणेच होय. मजकूर वैध होतो आणि संशयाची जागा कायमची हरवते.

डीटाच्या नावात डार्विन का, हे आता सांगता येईल. या रचनाबंधात विशेष घटक सामान्य घटकापासून उत्क्रांत होतो, आणि प्रत्येक घटक आपली वंशावळ 'क्लास' या गुणविशेषात बाळगतो. 'स्टेप' हा घटक स्वतःबरोबर सांगतो की मी टास्कमधली पायरी आहे आणि मूळ टॉपिकमधल्या यादीतील एक मुद्दा आहे. ज्या यंत्राला पायरी म्हणजे काय हे माहीत नाही, ते तिला यादीतील मुद्दा समजून पुढे जाते. त्यामुळे विशेषाकडून सामान्याकडे परतीची वाट खुली राहते व पुढचे स्थलांतर थोडे सुकर होते. डॉकबुकमधून आणलेल्या घटकाच्या अंगावर मात्र अशी वंशावळ नसते. जुन्या घटकाचे नाव एखाद्या गुणविशेषात मुद्दाम लिहून ठेवले तरच ते राहते. जागा अत्यल्प लागते, पण ही खबरदारी फारच थोडे लोक घेतात. जुन्या फाइली जपून ठेवणे तर अपरिहार्यच. त्या हस्तलिखितांच्या जागी आहेत.

सर्वांत साधी तपासणी अशी : जुन्या व नव्या प्रतींतील सर्व खुणा काढून टाकाव्यात आणि उरलेला निव्वळ मजकूर अक्षरशः ताडून पाहावा. जेथे फरक निघेल तेथे काही गळले, दुणावले किंवा जागा बदलून गेले आहे. देवनागरी मजकुरात ही तुलना करण्याआधी एक काम करावे लागते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह जोडून. युनिकोडने पहिली पद्धत इस्कीला अनुसरून व दुसरी आपल्याच जुन्या आवृत्तीशी सुसंगतीसाठी मान्य केली आहे. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. तुलना करणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात आणि शेकडो खोटे फरक तो पुढे करतो. उलट, न दिसणारे ते चिन्ह 'अनावश्यक' म्हणून एखाद्या सूत्राने सरसकट पुसले, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना'चे 'आचार्यांना' होते, आणि दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे यंत्रही काही बोलत नाही. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही प्रतींतील हा वर्ण एकाच पद्धतीत आणावा, आणि तो कोणत्या दिशेने बदलला हे रूपांतराच्या नोंदवहीत लिहावे.